पार्सलाची पहिली गाठ फडात



आपल्या भागातून पुसदला, उमरखेडला किंवा यवतमाळला शिकायला गेलेल्या मंडळींना एसटीच्या डब्याची ओळख करून द्यायला नको. पहाटेच्या पहिल्या गाडीला आई नाहीतर बाप फाट्यावर उभा राहायचा, ड्रायव्हरच्या हाती कापडात बांधलेला डबा द्यायचा आणि म्हणायचा, "स्टँडवर पोरगं उभं राहील, त्याले द्या." भाकरी, ठेचा, जवसाची चटणी, असलीच तर एखादी पुरणपोळी. पावती नाही, तिकीट नाही, पण डबा बरोबर पोचायचा. त्या डब्यावर कित्येक पोरे मॅट्रिक झाली आणि पुढे गेली.

पुढे गेली ती काही पुसदला थांबली नाहीत. पुण्याला गेली, बंगलोरला गेली, आणि आता सभासदांच्या घरात डोकावले तर दर दोन-चार वस्त्यांमागे एखादे पोर दुबईला, ऑस्ट्रेलियाला नाहीतर अमेरिकेला असल्याचे ऐकू येते. डबा मात्र सुटलेला नाही. फक्त फाट्याची जागा पोस्टाच्या खिडकीने घेतली आणि एसटीची जागा विमानाने. ऊस विकासाचे काम करणाऱ्या आम्हांस या विषयात तोंड घालण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. कारण आहे, आणि ते आम्हांला एका माउलीने दाखवून दिले. नाव छापायचे नाही असे त्यांना वचन दिले आहे, म्हणून नुसते काकू म्हणू.

काकूंची तक्रार

२०२४ च्या जानेवारीतली गोष्ट. सुरू उसाच्या बेण्याची पाहणी करायला आम्ही त्यांच्या शेतावर गेलो होतो. काका आमच्याबरोबर बांधावर बोलत होते. काकू चहा घेऊन आल्या आणि कप हातात देता देता म्हणाल्या, "साहेब, तुमी सगळ्याइले उसाचं सांगता. माह्या गुळाचं सांगा ना एकदा. पोराले धाडला अन् बुरशी लागली."

झाले होते असे. थोरला मुलगा अमेरिकेत, चार वर्षे घरी आलेला नाही. २०२३ च्या दिवाळीला काकूंनी हौसेने फराळ पाठवला : अनारसे, गुळपापडीचे लाडू, चिवडा, चकली. पार्सल पोचायला अठरा दिवस लागले. मुलाने फोन केला, "आई, सगळं खाल्लं, मस्त होतं." काकूंना बरे वाटले. नंतर सून बोलता बोलता खरे बोलून गेली. लाडवांवर पांढरी लव आली होती, अनाऱश्यांचा एक गोळा झाला होता, चिवडा मऊ पडला होता. चकली तेवढी चांगली निघाली.

काकू म्हणाल्या, "पोरगं लबाड बोललं साहेब. माह्यासाठी बोललं. पण मले तवापासून काही धाडावंच वाटत नाही."

आम्ही गूळ पाहायला मागितला. तागाच्या पोत्यात, ओसरीच्या कोपऱ्यात, भिंतीला टेकवून ठेवलेली ढेप. बोट लावले तर चिकट, खालच्या बाजूला पाझर सुटलेला. ढेप फेब्रुवारीतली आणि अख्खा पावसाळा तिने त्या पोत्यात काढलेला. आम्ही काकांना विचारले, "कोणत्या फडाचा ऊस?" काका जरा घुटमळले. कारखान्याकडे नोंदलेला ऊस गुऱ्हाळात घालू नका हे आम्ही गावोगाव सांगत फिरतो, तेव्हा घुटमळणे साहजिक होते. घरच्यापुरत्या चार मोळ्यांवरून आम्ही कोणाला फासावर देत नाही, असे सांगितल्यावर माहिती मिळाली. नाल्याकाठचा फड. नवव्या महिन्यात ऊस पिवळा दिसला म्हणून युरियाची दोन पोती टाकलेली. तोडणीच्या चार दिवस आधीपर्यंत पाणी चालू. तोडलेला ऊस गुऱ्हाळाच्या पाळीसाठी दोन दिवस उन्हात पडलेला.

आम्ही म्हटले, "काकू, तुमचं काही चुकलं नाही. तुमचा लाडू इथे फडातच बिघडला."

पाणी हाच वैरी

खाण्याचा कोणताही जिन्नस लांब न्यायचा तर दोन गोष्टींशी झगडावे लागते : पाणी आणि वेळ. बुरशी असो, आंबणे असो, किडणे असो, सगळ्यांना ओल लागते. ओल काढून टाका, किंवा ती साखरेत-मिठात अशी अडकवून ठेवा की जंतूंना ती घेता येऊ नये, मग जिन्नस टिकतो. आपल्या आया-आज्यांनी हे पुस्तकात वाचले नव्हते, पण त्यांची सारी बेगमी याच नियमावर उभी आहे. कुरड्या, पापड, सांडगे, वाळवलेली मेथी, यांतून पाणी उन्हाने जाते. चकली-शेवेतून ते उकळत्या तेलात वाफ होऊन जाते. साखरआंबा आणि मुरांब्यात ते पाकात कोंडले जाते. लोणच्यात मीठ आणि वर तेलाचा थर राखण करतो.

काकूंच्या पार्सलात चकली का वाचली आणि अनारसे का गेले, याचे उत्तर इथेच आहे. चकलीत ओल उरली नव्हती. अनारशातल्या आणि लाडवातल्या गुळात ती भरपूर होती. चिवडा बिचारा निरपराध. तो शेजारच्या लाडवांची ओल ओढून मऊ पडला. काकूंना नंतर आठवले, की त्या वर्षी अनारसेही तळताना हसत होते. अनारसा कढईत हसला म्हणजे सुगरण पिठाला दोष देते. पुष्कळदा दोष पाझरणाऱ्या गुळाचा असतो.

ऊस हा वाईट प्रवासी, साखर उत्तम

आता आमच्या विषयावर येतो. सभासद बंधूंनो, आपण पिकवतो त्या उसासारखा वाईट प्रवासी दुसरा नाही. उसात सुमारे ७० टक्के पाणी. तोडल्या क्षणापासून तो वजनाने घटतो आणि आतली साखर फुटू लागते. जिला आपण साखर म्हणतो तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे होतात. यांची पुन्हा दाणेदार साखर होत नाही. कापलेल्या टोकांतून जंतू शिरतात, ते रसात डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ तयार करतात आणि मग रस गाळायला, शिजवायला जड जातो. म्हणून तोडणीनंतर २४ तासांच्या आत ऊस गाळला गेला पाहिजे, असा आमचा घोषा असतो.

तोच ऊस गव्हाणीतून एकदा पलीकडे गेला, की त्याचे रूप पालटते. साखरउतारा ११ टक्के धरला तर एका टनातून ११० किलो साखर निघते आणि त्या साखरेत ओल ०.१ टक्क्याहूनही कमी. कोरड्या गोदामात पोते वर्ष-वर्ष राहते. गावाच्या शिवेपलीकडे न टिकणारा ऊस साखर होऊन समुद्रापलीकडे जातो. ही विद्या आपल्याच भूमीतली आहे. संस्कृतातल्या शर्करेवरून अरबांचा सुक्कर झाला आणि त्यावरून इंग्रजांचा शुगर. आपल्या खंडावरून त्यांची कँडी झाली. इसवी सन ६४७ च्या सुमारास चीनच्या थांग सम्राटाने रस आटवण्याची रीत शिकून येण्यासाठी आपली माणसे मगधाला पाठवली होती. ऊस त्यांच्याकडेही होता. हवी होती ती त्याला लांब टिकवण्याची युक्ती.

कापसाचेही तेच. शकुंतला रेल्वे आता इतिहासजमा झाली, पण यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी ती अरुंद रुळांची गाडी इंग्रजांच्या काळात कापसासाठीच टाकली गेली. तो कापूस मोकळा जात नव्हता. जिनात सरकी निघायची, प्रेसमध्ये गाठ बांधली जायची आणि मग ती गाठ मुंबईच्या बंदरातून विलायतेच्या गिरण्यांपर्यंत जायची. लांब जायचे तर आधी नको ते मागे ठेवावे लागते.

ओला माल आणि विमान

ज्याचे पाणी काढता येत नाही, त्याला मात्र विमान लागते. हापूस आंब्याचे उदाहरण पाहा. फळमाशीच्या भीतीने १९८९ पासून अमेरिकेचे दार आपल्या आंब्याला बंद होते. ते २००७ साली उघडले. नाशिक जिल्ह्यात लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने कांद्यासाठी उभारलेले 'कृषक' नावाचे विकिरण केंद्र होते. तिथे आंब्याला निदान ४०० ग्रे इतकी मात्रा द्यायची, म्हणजे फळातल्या किडीची वाढ खुंटते, आणि मग विमानात चढवायचे, अशी अट ठरली. तपासणीला अमेरिकेचा निरीक्षक हजर लागतो. कोरोनामुळे २०२० आणि २०२१ मध्ये निरीक्षक येऊ शकले नाहीत, तर आंबाही गेला नाही. २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाला.

युरोपचा अनुभव असाच कडू. फळमाशी सापडल्यामुळे युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून आपला आंबा, वांगी, कारली, पडवळ आणि अळू यांवर बंदी घातली. आंब्यावरची बंदी २०१५ च्या आरंभी उठली, तीही आपल्याकडे फळे गरम पाण्यातून काढण्याची आणि तपासणीची व्यवस्था लागल्यावर. आणि २०२५ च्या मे महिन्यात तर विमानाने गेलेल्या आंब्याच्या किमान १५ खेपा विकिरणाच्या कागदातल्या त्रुटीमुळे अमेरिकेने नाकारल्या. परत आणण्याचा खर्च परवडेना, तेव्हा चांगला आंबा तिथेच नष्ट करावा लागला. फळ नासके नव्हते, पण कागद बरोबर नव्हता. ओला माल हा असा नाजूक व्यवहार आहे. त्यात विमान, शीतगृह, निरीक्षक आणि कागद, सगळेच एका वेळी जुळावे लागते. कोरड्या लाडवाला एवढा लवाजमा लागत नाही. त्याला एक घट्ट झाकणाचा डबा पुरतो.

नागपूरची मध्यरात्र

विमानाने टपाल नेण्याच्या इतिहासात आपल्या देशाचे नाव पहिल्या ओळीत आहे. जगातले पहिले अधिकृत हवाई टपाल १८ फेब्रुवारी १९११ रोजी अलाहाबादहून, म्हणजे आजच्या प्रयागराजहून, यमुनेपलीकडच्या नैनीला गेले. विमान चालवणारा ऑन्री पेके नावाचा फ्रेंच तरुण, अंतर जेमतेम १० किलोमीटर, पत्रे सुमारे ६,५००.

आणि आपल्या विदर्भाचा वाटा त्याहून मोठा. १९४९ साली रात्रीचे हवाई टपाल सुरू झाले, त्याचे केंद्र नागपूर होते. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास अशा चार दिशांनी चार विमाने रात्री निघायची, मध्यरात्रीनंतर नागपूरला एकत्र उतरायची, टपालाच्या थैल्या एकमेकांत बदलायची आणि उजाडेपर्यंत आपापल्या गावी परत. संध्याकाळी मुंबईत टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्याला. १९७३ पर्यंत ही व्यवस्था चालली. देशाच्या पत्रांची वाटणी रोज रात्री आपल्याच विदर्भात होत होती. त्या थैल्यांतून कोणाचा चिवडा गेला असेल की नाही ते आम्ही सांगू शकत नाही, पण आज आपले पार्सल ज्या वाटेने जाते, तिची पायवाट अशा रात्रींनीच पाडली.

दार बंद

काकूंकडे परत येऊ. २०२४ ची दिवाळी त्यांनी काहीच पाठवले नाही. धीरच नव्हता. पण काकांनी आमचे ऐकले. जानेवारी २०२४ मध्ये लावलेल्या सुरू उसाला नत्राचा शेवटचा हप्ता मोठ्या बांधणीला दिला आणि पुढे पोत्याला हात लावला नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये तोडणीच्या पंधरा दिवस आधी पाणी तोडले. घरच्यापुरता ऊस सकाळी तोडला आणि दुपारी गुऱ्हाळात. काकू स्वतः काहिलीजवळ बसून होत्या. ढेप खणखणीत वाजली. काकूंनी ती फोडून, प्लास्टिकच्या जाड पिशव्यांत हवा काढून बांधली आणि पत्र्याच्या डब्यात ठेवली. त्या पावसाळ्यात तिला पाझर सुटला नाही.

२०२५ ची दिवाळी मोठी करायची असे ठरले. आणि नेमके काय झाले ते वर्तमानपत्रात आपण वाचले असेल. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला असलेली करमाफी २९ ऑगस्टपासून काढून घेतली. शुल्क कोणी गोळा करायचे, कसे भरायचे, याचा उलगडा होईना, विमान कंपन्या टपाल घेईनात. म्हणून आपल्या टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून अमेरिकेची पार्सले घेणे थांबवले. खऱ्या भेटवस्तूंना १०० डॉलरपर्यंत त्या आदेशातही सूट होती आणि त्या आरंभी घेतल्याही जात होत्या, पण ऑगस्टअखेर त्याही थांबल्या. दार पुन्हा उघडले ते १५ ऑक्टोबरला. लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला.

सहा दिवसांत पुसदहून अमेरिका होत नाही. खाजगी कुरिअरचा भाव ऐकून काका म्हणाले, "एवढ्यात एक गोऱ्हा येते." काकूंनी फराळ मात्र नेहमीसारखा केला. एक डबा भरून ठेवला, उगाच. पुढे हंगाम सुरू झाला, तोडणीची टोळी वस्तीवर उतरली, आणि तो डबा काकूंनी टोळीतल्या पोरांपुढे ठेवला. "माह्या पोराले नाही तर कोणाच्या तरी पोराले," एवढेच त्या म्हणाल्या.

आम्हांला वाटले विषय संपला. पण डिसेंबरात काकू गट कार्यालयात आल्या आणि म्हणाल्या, "दिवाळी गेली तर गेली. संक्रांत आहे ना? तिळगूळ धाडाचा. पोस्टात काय काय लागते ते सांगा."

पाठवणाऱ्यांसाठी चार गोष्टी

काकूंना जे सांगितले तेच इथे सर्वांसाठी लिहितो.

एक, देश पाहून जिन्नस निवडावा. ऑस्ट्रेलियात पेढा, बर्फी, गुलाबजाम अशा दुधाच्या मिठाया टपालाने चालत नाहीत. जनावरांचे रोग येतील या भीतीने ते काढून टाकतात. दुबई आणि एकूण अमिरातीत, तसेच सिंगापुरात खसखस बेकायदा आहे, कारण ती अफूच्या बोंडातली. तिथे अनारसे पाठवायचे तर खसखशीशिवाय. एका सभासदाच्या लेकीने हे वेळेवर कळवले म्हणून बरे झाले, नाहीतर हौसेपायी पोरगी चौकशीत सापडली असती. कच्चे बियाणे आणि ताजी फळे कोठेही विचारल्याशिवाय पाठवू नयेत.

दोन, विमानाने कोणी जाणार असेल आणि त्याच्याकडे सामान द्यायचे असेल, तर तूप आणि लोणचे हातातल्या पिशवीत देऊ नये. १०० मिलिलिटरच्या वरचा पातळ पदार्थ तिथे अडतो. सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही सामानात देऊ नयेत. खोबऱ्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापू शकते, म्हणून विमानवाले त्याला धोक्याच्या मालात धरतात. आपल्याला नवल वाटते, पण सरकीच्या पेंडीच्या ढिगाला आतून ऊब धरलेली ज्याने पाहिली आहे त्याला वाटू नये.

तीन, कागद खरा लिहावा. परदेशी पार्सलाबरोबर सीमाशुल्काचा फॉर्म भरावा लागतो. त्यात नुसते 'फराळ' लिहून भागत नाही. प्रत्येक जिन्नस, त्याचे वजन आणि किंमत वेगळी लिहावी. घरी केलेले आणि भेट म्हणून पाठवत असाल तर तसे स्पष्ट लिहावे. अमेरिकेत बाहेरून येणाऱ्या अन्नाची पूर्वसूचना त्यांच्या खात्याला द्यावी लागते, पण घरात केलेला आणि एका माणसाने दुसऱ्याला भेट दिलेला पदार्थ त्यातून वगळलेला आहे. विक्रीसाठी पाठवायचे असेल तर नियम निराळे. बचत गटाच्या भगिनींनी त्यासाठी टपाल खात्याच्या डाकघर निर्यात केंद्रात चौकशी करावी. २०२२ पासून ही केंद्रे निघाली आहेत आणि छोट्या निर्यातदारांसाठीच आहेत. शुल्काचे नियम अलीकडे वरचेवर बदलतात, तेव्हा पार्सल बांधण्यापूर्वी पोस्टात एकदा विचारावे.

चार, बांधणी. तळलेला पदार्थ पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नये. गरम भरला तर त्याची वाफ त्यालाच मऊ करते. ओल धरणारा आणि कुरकुरीत जिन्नस एका डब्यात ठेवू नये. डबा काठोकाठ भरावा, कारण रिकामी जागा म्हणजे हवा, आणि हवेने तेलाला खवट वास येतो. लाडू एकेक कागदात गुंडाळून रचावेत. बाहेरून खोका असा भरावा की हलवला तर आतून आवाज येऊ नये. आपण बियाण्याची टिपरी लांब नेताना पाचटात घट्ट रचतो ना, तसे.

गुळासाठी पाचवी गोष्ट

आणि पाचवी गोष्ट फक्त आपल्यासारख्यांसाठी, कारण बाकीचे जग गूळ विकत घेते आणि आपण तो पिकवतो. टिकाऊ गूळ काहिलीत होतो असे लोक म्हणतात. अर्धा होतो. रस ११६ ते ११८ अंशांपर्यंत आटला पाहिजे, चुना बेताचा हवा, मळी रानभेंडीच्या चिकाने नीट निघाली पाहिजे, हे खरे. पण उरलेला अर्धा शेतात ठरतो.

उशिरा दिलेले नत्र उसाला कोवळा ठेवते. कोवळ्या उसात ग्लुकोज-फ्रुक्टोज जास्त, आणि हे दोघे हवेतली ओल ओढणारे. असा गूळ पहिल्या पावसातच पाझरतो. चोपण आणि खारवट जमिनीतल्या उसात क्षार जास्त येतात, गूळ खारट होतो आणि तोही ओल धरतो. तोडून पडलेल्या उसात साखर फुटते, त्याचा परिणाम तोच. चांगल्या गुळात ओल पाच टक्क्यांच्या आसपास असावी. ती राखायची तर पक्व ऊस, तोडणीपूर्वी दहा-पंधरा दिवस पाण्याचा ताण आणि त्याच दिवशी गाळप, याला पर्याय नाही. को ८६०३२ ही जात आपल्याकडे आहेच, आणि तिचा गूळ चांगला होतो.

रंगाच्या मोहाने हायड्रॉस टाकून गूळ पिवळाधमक करणारे गुऱ्हाळवाले पुष्कळ. तो रंग काही दिवसांचा. पुढे गूळ काळवंडतो, आणि गंधकाचा अंश मर्यादेबाहेर, म्हणजे दशलक्ष भागात ७० भागांवर गेला, तर कायद्यातही बसत नाही. लेकराला पाठवायचा गूळ तपकिरी असला तरी चालेल, पण खरा असावा.

सभासद बंधूंच्या ध्यानात आले असेल, की गुळासाठी म्हणून जे सांगितले तेच आम्ही कारखान्यासाठी सांगत असतो. उशिरा युरिया टाकू नका, पाण्याचा ताण द्या, पक्व ऊस तोडा, तोडलेला ऊस फडात पडू देऊ नका. कारखान्याला देताना ऊस फक्त वजनावर जातो, त्यामुळे पाणी दिलेला, कोवळा ऊस जड भरला तर फायदाच झाला असे कित्येकांना वाटते. पण उतारा घटतो तो सर्वांचाच, आणि दर उताऱ्यावर ठरतो. काट्यावर चढवलेले पाणी भावात वजा होऊन सगळ्यांच्या घरी परत येते. काकूंच्या घरी ते लाडवावरच्या बुरशीने आले एवढाच फरक.

टोळी वेळेवर येत नाही, गाडी नंबरात अडकते, तोडलेला ऊस आमच्याच व्यवस्थेमुळे फडात पडून राहतो, अशी तक्रार पुष्कळ सभासद करतात. ती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. तोडणीचा कार्यक्रम पाळणे हे आमचे काम आहे, आणि त्यात जे कमी पडते त्याचा जाब सभासदांनी आम्हांला विचारावा. फडाची बाजू तुम्ही सांभाळा, रस्त्याची आम्ही.

संक्रांतीचे पार्सल

काकूंचे पार्सल डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात गेले. तिळाचे लाडू, गुळपोळ्या, जवसाची चटणी आणि एका डब्यात नुसता गुळाचा खडा. फॉर्म नातीने भरला. वजन काकांनी आधीच घरच्या काट्यावर तीनदा केले होते. पोस्टातल्या बाईंनी विचारले, "गुळाचा खडा कशाला हो काकू, तिकडे मिळतो की." काकू म्हणाल्या, "मिळत असन. हा आपला आहे."

संक्रांत १४ जानेवारी २०२६ ची. त्यानंतर दोन दिवसांनी आम्ही पाळीपत्रकाच्या कामाने त्या बाजूला गेलो होतो. काका फडात होते, काकू दारातच भेटल्या. विचारायची गरज नव्हती, तोंडावरच दिसत होते. पार्सल तेराला पोचले. गुळपोळ्यांच्या कडा थोड्या मोडल्या, बाकी सारे जसेच्या तसे. या खेपेला सुनेने आधी फोटो पाठवला, मग मुलाने फोन केला. त्यामुळे लबाड बोलायला वाव नव्हता.

"काय म्हणाला?" आम्ही विचारले.

काकू म्हणाल्या, "लाडवाचं काई बोललाच नाही तो. गुळाचा खडा तोंडात टाकला, अन् म्हणे, आई, हा नाल्याकाठचा नाही. विहिरीजवळच्या फडाचा आहे ना?"

विहिरीजवळच्याच फडाचा होता.

— ऊस विकास अधिकारी